दुसऱ्याच्या हातची सुई

गाडी शिकायला येणाऱ्या माणसांबद्दल सरांचं मत कधीच चांगलं नव्हतं. डॉक्टर असो की वकील, स्टिअरिंग हातात आलं की माणसाची खरी अक्कल बाहेर येते, असं ते म्हणत. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी वेगळा ब्रेक ठेवायचा आणि शेजारच्याने गाढवपणा सुरू केला की तो दाबायचा, हेच त्यांनी उभी हयात केलं. दाबताना ते ओरडतही. त्यामुळे विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘भोंगा’ म्हणत. सरांना हे ठाऊक होतं. त्यांना ती पदवी वाटे.

मग त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि सर आठवड्यातून तीनदा डायलिसिस केंद्राच्या हॉलमध्ये जाऊन पडू लागले. ओळीने मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक यंत्र आणि प्रत्येक यंत्राला नळ्यांनी बांधलेला एक माणूस. सरांना त्या माणसांचा मनापासून तिटकारा आला. शेजारच्या खुर्चीतला निवृत्त कारकून कालपासून आपण किती घोट पाणी प्यायलो ते असं सांगे, जणू काही देशासाठी तहानलेला राहिला होता. पलीकडची बाई येणाऱ्या प्रत्येकाला आपला आजार पहिल्यापासून ऐकवी. सगळ्यात वाईट म्हणजे तिथे सरांना कोणी सर म्हणत नसे. सुया लावणारी अंगठ्याएवढी पोरंपोरी त्यांना ‘काका’ म्हणत, हात हातात घेत आणि विचारत, “काका, आज कसं वाटतंय?”

“सुई खुपसलेल्या माणसाला वाटतं तसं,” सर सांगत.

म्हणून डॉक्टरांनी घरी यंत्र बसवण्याची गोष्ट काढली तेव्हा सर लगेच हो म्हणाले. अट एकच होती. सुया स्वतः घालायला शिकायचं, नाहीतर घरातल्या कोणीतरी शिकायचं. एक सुई रक्त बाहेर नेणारी, दुसरी ते स्वच्छ झालं की परत आणणारी. दोन्ही चांगल्या जाड.

बायकोचा प्रश्नच नव्हता. भाजी चिरताना बोट कापलं तरी तिला घेरी येई. राहिला मेहुणा.

बायकोचा हा धाकटा भाऊ बरीच वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत राहत होता. ‘थोडे दिवस’ म्हणून आला होता. त्याने मोबाइल दुरुस्त केले, पक्ष्यांचे पिंजरे विकले, एका जाहिरात कंपनीसाठी भिंती रंगवल्या. आयुष्यात त्याने शेवटापर्यंत नेलेली एकच गोष्ट म्हणजे समोर वाढलेलं ताट, असं सरांचं म्हणणं होतं. खुद्द सरांच्या हाताखाली शिकूनही तो गाडीच्या परीक्षेत नापास झाला होता. सरांच्या सबंध कारकिर्दीला लागलेला तो एकच डाग, आणि तो रोज दोन वेळा त्यांच्यासमोर जेवायला बसे.

“भावोजी, मी टोचतो की!” तो म्हणाला. जणू कोणी त्याला लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसायला सांगितलं होतं.

प्रशिक्षणाच्या खोलीत सिस्टरने दोघांना समोर बसवलं. पोरगी तिशीची, आवाज सपाट, चेहऱ्यावर उगाच हसू नाही. सरांना ती नाइलाजाने बरी वाटली. तिने सरांचा डावा हात उलटा करून दाखवला. कोपराच्या खाली ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे शीर दोरखंडासारखी फुगली होती. तिच्यावर बोट ठेवलं की गाडी न्यूट्रलला चालू ठेवावी तशी आतून थरथर लागे.

“दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात, त्याच माणसाने सुई घालायची,” ती म्हणाली. “असं काही आठवडे केलं की कान टोचल्यावर पडतं तशी कातडीपासून शिरेपर्यंत एक वाट पडते. मग बोथट सुईसुद्धा त्या वाटेने आत जाते, दुखत नाही. पण प्रत्येकाचा हात वेगळा, कोन वेगळा. दुसऱ्याने घालायला घेतली की वाट बिघडते. त्यामुळे जो वाट पाडेल त्यानेच पुढे कायम टोचायचं. कोण ते आधी ठरवा.”

सरांना या ‘कायम’चा अर्थ चटकन कळला. मेहुण्याने वाट पाडली तर मरेपर्यंत दिवसाआड त्याच्यासमोर हात पसरायचा. तो उठेल तेव्हा, त्याचा चहा होईल तेव्हा, त्याची मर्जी असेल तेव्हा. रक्त सरांचं, शीर सरांची आणि चावी त्या नापासाकडे.

“मीच,” सर म्हणाले.

रबराच्या हातावर दोघांनी सराव केला. सरांचं जमलं. मेहुण्याचं फार छान जमलं. ही गोष्ट सरांना इतकी खटकली की ते सिस्टरला म्हणाले, “रबराचं काय घेऊन बसलात? मोकळ्या मैदानात म्हैससुद्धा गाडी चालवील.”

मग खऱ्या हाताची वेळ आली. सरांनी दंडाला पट्टा बांधला, कातडी पुसली, बोटाने थरथर शोधली. सुईचे प्लास्टिकचे दोन पंख चिमटीत धरून ती तिरकी टेकवली. इथवर सगळं चोख होतं. सुईने कातडी फोडली आणि त्याच क्षणी सरांचं सगळं अंग ताठरलं, डावा हात हिसका बसल्यासारखा मागे आला आणि सुई शिरेत शिरून पलीकडच्या बाजूने बाहेर पडली. बघता बघता हातावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

सिस्टरने सुई काढली, बोळा दाबला आणि बर्फाची पिशवी ठेवली. “घाबरलात, काका.”

“मी?” सर म्हणाले. “मी हायवेवर ट्रकसमोर पोरींना ओव्हरटेक करायला शिकवलंय.”

“ते तुमच्या शिरेला माहीत नाही,” सिस्टर म्हणाली.

सूज उतरेपर्यंत केंद्रातली मुलं वरच्या बाजूला टोचत राहिली. हात आधी काळा, मग पिवळा झाला. घरी बायकोने ताट वाढता वाढता विषय काढला.

“त्याला घालू द्या ना सुई. मानापायी हात घालवून बसाल.”

“त्याला साधं रिव्हर्स घेता येत नाही.”

“मग? हातात कुठे रिव्हर्स घ्यायचंय?”

मेहुणा हसला आणि त्याच हसण्यात आणखी भात मागून मोकळा झाला.

पुढच्या वेळी सिस्टरने सरळ मेहुण्याला हातमोजे घालायला सांगितले. “काका, घरी न्यायच्या यंत्रासाठी बाकीची माणसं रांगेत आहेत. या आठवड्यात एकाचा हात बसायला हवा, नाहीतर यंत्र पुढच्याला जाईल. आज हे घालतील.”

सर छताकडे बघत राहिले. दुखावं, निदान एकदा तरी तो चुकावा, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती, भले टेंगूळ त्यांच्याच हातावर येवो. मेहुण्याने जागा चाचपली आणि सुई आत सरकवली. नळीत लाल रक्त चढलं. सरांना मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही.

“बघा!” मेहुणा म्हणाला. “कळलं तरी का?”

इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा सरांनी पाहिला नव्हता. या माणसाला शेवटी एक गोष्ट येत होती आणि ती नेमकी सरांच्या हातावर. एखाद्या उंदराने आपल्याच घरात बीळ केलं आणि वर आपल्यालाच वास्तुशांतीला बोलावलं, तसं सरांना झालं.

“दुसरी मी घालणार,” ते म्हणाले.

“काका—”

“हात माझा आहे ना?”

सिस्टरने मेहुण्याने घातलेली सुई चिकटपट्टीने पक्की केली आणि दुसरी सरांच्या पुढे धरली. पुढचा प्रसंग मेहुण्याने खरं तर गप्प बसून पाहायचा होता. सर पुन्हा चुकले असते, मेहुण्याची जागा पक्की झाली असती आणि मागच्या खोलीचा प्रश्न जन्मभरासाठी मिटला असता. हात आखडून बसण्याएवढी अक्कल कुठल्याही माणसाला असते. पण मेहुणा हा मेहुणाच होता. सरांनी सुई टेकवली मात्र, तो लहान मुलासारखा ओरडला.

“थांबा, थांबा! भावोजी, ब्रेक!”

“काय?”

“तुमचा पाय! तुम्ही ब्रेक मारताय. मागच्या वेळीही मारला होता.” तो हसून हसून वाकला. “सिस्टर, मी यांच्या शेजारी बसून शिकलोय ना. समोरून कुत्रं जरी आलं तरी यांचा पाय आधी खाली जातो आणि मग अंग असं ताठ होतं. बघा, बघा, आत्तासुद्धा!”

तिघांनी खाली पाहिलं. सरांचा उजवा पाय फरशीवर इतका जोरात रुतला होता की चपलेचा पट्टा सुटून आला होता.

सिस्टर पहिल्यांदाच हसली. “चपला काढा, काका. वर मांडी घाला.”

उभ्या आयुष्यात सरांनी लोकांना सीटवर नीट बसायला शिकवलं. आता ते स्वतः खुर्चीत पाय वर घेऊन मांडी ठोकून बसले, नळी लावलेला डावा हात समोरच्या फळीवर. पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते सिस्टरला दिसलं, मेहुण्याला दिसलं. सरांनी पायाकडे न बघता बोटाने थरथर शोधली, सुई तिरकी धरली आणि ढकलली. पायाने दाबायला काही शोधलं, पण खाली स्वतःच्याच पोटरीखेरीज काही नव्हतं. हात जागच्या जागी राहिला. नळी लाल झाली.

मेहुण्याने हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्या.

“दोघांचंही जमलं,” सिस्टर म्हणाली. “आता सांगा, वाट कोण पाडणार? दोघांपैकी एकानेच.”

“मी,” सर म्हणाले.

मेहुण्याच्या टाळ्या थांबल्या. आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. त्याला सगळंच उशिरा कळे. “पण भावोजी, माझी तर पहिल्या झटक्यात गेली... तुम्हाला दुखलंही नाही...”

“तू पट्टी चिकटव,” सर म्हणाले. “सरळ चिकटव. तेवढं तरी जमू दे.”

त्याने हातमोजे काढले आणि एकात एक कोंबून कचऱ्याच्या डब्यात टाकले. पट्टी मात्र सरळ चिकटवली.

महिन्याभरात यंत्र घरी आलं. पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. सर मांडी घालून स्वतः दोन्ही सुया घालू लागले. वाट पडली, बोथट सुई लोण्यात जावी तशी जाऊ लागली. यंत्र चालू असताना घरात दुसरं माणूस हवं, असा केंद्राचा नियम होता, आणि बायको कामावर जाई. त्यामुळे त्या सगळ्या वेळात समोरच्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मेहुण्याला मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत बढती मिळाली.

तब्येत विचारायला लोक येत. सर हॉलमधल्या माणसांपेक्षा या लोकांना जास्त कंटाळत. एकदा सरांचा एक जुना विद्यार्थी आला. आता तो पोटाचा घेर सांभाळत स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता. सुयांकडे बघून त्याने डोळे विस्फारले.

“सर, स्वतः घालता? कोणी शिकवलं?”

“मी,” मेहुणा म्हणाला. तोंडात बिस्कीट होतं. “सुरुवातीला फार चुकायचे. बसायचंच मुळात कळत नव्हतं.”

पाहुण्याने सरांकडे पाहिलं. सरांचा डावा हात नळ्यांनी यंत्राला जोडलेला होता आणि अजून बराच वेळ तसाच राहणार होता. हे वाक्य सर्वस्वी खोटं असतं तर त्यांनी त्या दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

“बिस्कीट संपव आधी,” सर म्हणाले. “सांडतंय सगळं.”