धूळसाहेब आणि गोदाक्काची पहार

“सरक बाजूला! न्हाईतर पेटीसंगं तुला बी फोडीन!”

गोदाक्काच्या हातात पहार होती. पायाखाली तिचीच तूर तुडवली जात होती. समोर तिच्या रानात, आभाळातून उतरलेल्या कपाटाएवढ्या पेटीला मिठी मारून एक बुटका जपानी माणूस बसला होता. बांधावर दहा हजार माणूस. देवणीजवळच्या त्या गावाची वस्ती आठशे, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी मोजली तेव्हा दहा हजारच भरली.

तो माणूस म्हणजे आमचे धूळसाहेब. हे नाव मीच ठेवलं. हैदराबादेकडून ते देवळाएवढा फुगा सोडायचे, त्याला दुर्बिणीची पेटी टांगलेली. फुगा आभाळाच्या पार टोकाला जायचा, पेटी आपलं काम करायची आणि वारा वाहील तिकडे, म्हणजे बहुधा आमच्या मराठवाड्यात, छत्रीला लटकून खाली यायची. ती हुडकायला लातूरहून माझी जीप. साहेबांची मराठीही याच जीपमध्ये घडली. त्यामुळे शिव्या अस्सल, क्रियापदं जेमतेम.

जगातले झाडून सगळे शास्त्रज्ञ तारे बघतात. साहेब ताऱ्यांच्या मधली धूळ बघायचे. “तारा मागून, रशीदभाई. आधी धूळ. धुळीतूनच तारा,” असं म्हणायचे. निलंग्याच्या रस्त्यावर जीपमागे लोट उठला की वळून कौतुकानं बघत. “इथं दोन-चार सूर्य आरामात होतात.” मी म्हणायचो, “साहेब, आधी डांबर होऊ द्या.”

या धुळीपायी त्यांची उभी हयात गेली. जपानात बरोबरीचे लोक मोठमोठ्या दुर्बिणींचे मालक होऊन बसले, हे पेट्या उडवत राहिले. एक पेटी समुद्रात बुडाली. एकीची छत्रीच उघडली नाही. एक किनवटच्या जंगलात सागाला लटकली, आणि आम्ही पोचेपर्यंत माकडांनी तिच्यातल्या तारा आपसात वाटून घेतल्या होत्या. निलंग्याची पेटी धड उतरली, पण तिची टेप कोरी निघाली. शेवटी वरच्यांनी लिहून कळवलं: ही शेवटची, यापुढे फुगा नाही. या शेवटच्या पेटीनं पाहिलेलं सगळं आत एका टेपवर होतं. पहार पडली की टेप गेली, आणि टेप गेली की माणूसच गेला.

पण अक्काचंही खोटं नव्हतं. तिची लेक किल्लारीला दिली होती. भूकंपात ती गेली. तेव्हापासून अक्का स्वतःच्या घरात पाय ठेवत नव्हती. दगडाच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद, कोण ठेवील? अख्खं गाव पत्र्याच्या शेडात राहायला गेलेलं. निलंग्याला पेटी पडली ती भूकंपाआधीच्या हिवाळ्यात. आता ही पेटी पडली, आणि त्याच सकाळी जमीन पुन्हा हलली. मग गावानं काय समजावं?

“भुईला धक्के देती ही पेटी!” अक्का म्हणाली. “माझी लेक खाल्ली हिनं!”

आमच्यासोबत आलेला हैदराबादचा इंजिनियर माझ्या कानाशी लागला, “पोलीस बुला लो.” साहेबांनी ऐकलं आणि उठून उभे राहिले. “पोलीस न्हाई.” मग अक्काला विचारलं, “तुमचं दगडाचं घर कुठं हाय?”

तिनं बोट दाखवलं. भिंतीला हात जाईल एवढी भेग.

“मी आणि पेटी, आठ दिवस त्या घरात. पेटीनं भूकंप आणला तर आधी माझ्यावर. मग फोडा. न्हाई आणला, तर पेटी माझी.”

मी बोंबललो, “साहेब, येडे झाले का? ते माळवद मांजर चाललं तरी पडंल!”

तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावात भूकंप झाला होता. त्यांच्या वडिलांनी शाळेसाठी खोल विहीर खणली होती. लोक म्हणाले, त्या विहिरीमुळंच झाला. वडील पोरंबाळं घेऊन गाव सोडून गेले, पुन्हा कधी फिरकले नाहीत. “बाप पळाला,” साहेब म्हणाले. “मी न्हाई.”

चार दिवस बरे गेले. अक्का पहार घेऊन दारासमोर बसून राहिली, पण भाकरी मात्र खिडकीतून आत सरकवायची. “उपाशी मेला तर पाप मला,” म्हणे. हैदराबादेहून निरोपावर निरोप आले: ताबडतोब निघा. साहेबांनी त्या कागदांनी भिंतीची भेग बुजवली.

पाचव्या दिवशी भर दुपारी जमीन हलली. पत्रे वाजले, बायका-पोरं ओरडत मोकळ्या रानात पळाली. माळवदातून पोतंभर माती आत कोसळली आणि दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

“बाहीर ये की रे, मेल्या!” अक्का किंचाळली.

आतून खोकला आला. मग आवाज: “तीन दिवस बाकी हाय!”

अक्कानं पहार फेकली आणि त्याला ओढून काढायला थेट आत शिरली. भूकंपानंतर पहिल्यांदा. बराच वेळ कुणी बाहेर येईना. मी भीत भीत डोकावलो. साहेब मातीनं माखून पेटीला टेकले होते. अक्का शेजारी बसून पदरानं डोळे पुसत घरभर बघत होती. “घर हाय की,” ती मला म्हणाली. “मला वाटलं, गेलं.”

भुई हलली होती, तरी घर उभं होतं; अक्कानं पहार पुन्हा हातात घेतली नाही, आणि आठव्या दिवशी गावानं पेटी उचलून माझ्या जीपवर चढवली. जपानातल्या तराजूत ती साडेचारशे किलो भरते; अक्कानं एक बाजू एकटीनं उचलली.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. अशाच एका क्लासवाल्यानं, साहेब निवृत्त होऊन आम्हाला भेटायला आले तेव्हा, त्यांना व्याख्यानाला धरून नेलं. बाहेर हत्तीएवढा फलक: ‘जपानी शास्त्रज्ञांकडून यशाचं रहस्य!’ हॉलमध्ये पोरं कडब्यासारखी रचलेली. एका पोरीनं विचारलं, “सर, त्या शेवटच्या पेटीतून काय निघालं?”

“काही न्हाई,” साहेब म्हणाले. “टेप चांगली होती. लई वर्षं तपासली. मी म्हणायचो, आभाळात एका जागी धूळ हाय. तिथं धूळ न्हाई. मी चुकलो, हे आता पक्कं म्हाईत.”

क्लासवाला खोकू लागला. साहेबांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. “लिहून घ्या,” त्यांनी पोरांना सांगितलं, आणि फळ्यावर आपली चूक अथपासून इतिपर्यंत मांडली. खडू संपला, दुसरा घेतला. संध्याकाळपर्यंत फलक उतरला होता.

ते परत गेले ते कायमचेच. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, साहेब गेले म्हणून. मी देवणीकडे जीप काढली. अक्का त्याच घराच्या दारात तूर पाखडत होती. भिंत नव्यानं बांधलेली, वर पत्रा. मी सगळं सांगितलं. साहेब गेल्याचं सांगितलं, आणि त्या पेटीत शेवटपर्यंत काहीच निघालं नाही, तेही सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“त्यात काय न्हाई, ते मला पाचव्या दिवशीच कळलं होतं,” ती म्हणाली.