मागचं डावं दार

आमच्या घरात एक जुनी खोड होती. परक्या माणसासमोर काही आपापसातलं बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलायचो. तंजावुरात ते सोपं. बाजारात, बँकेत, लग्नाच्या कल्याणमंडपात सगळीकडे तमिळ. मराठी ती घरातली. भाजीवालीसमोर बायको खुशाल म्हणायची, "किडकी आहेत, पुढे चला," आणि चेहऱ्यावरचं हसू जसंच्या तसं. आमच्या आईवडिलांनीही हेच केलं, त्यांच्या आईवडिलांनीही. आपण फार हुशार, असं वाटायचं आम्हाला.

ह्याच हुशारीनं आम्ही गाडी बघायला ओरत्तनाडूला गेलो. त्याला बारा वर्षं झाली. मी तेव्हा सरकारी कचेरीत होतो, मुलगी कॉलेजात, आणि बायकोच्या गुडघ्यांना माझी स्कूटर सोसेना. एक म्हातारे एकटेच राहतात, त्यांना आपली चार दारांची, डिक्कीची गाडी काढून टाकायची आहे, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. गाडी घराच्या बाजूला नारळाखाली उभी होती. पांढरी, स्वच्छ पुसलेली. म्हातारे अंगणात आले, तमिळमध्ये चार शब्द बोलले, किल्ली माझ्या हातात दिली आणि बाजूला उभे राहिले.

बायकोनं गाडीला एक फेरी घातली आणि सुरू झाली. मराठीत, अर्थात. मागचं डावं दार लागत नाही. बोनेटचा रंग वेगळा दिसतो, कुठंतरी आपटलेली असणार. म्हातारा पक्का आहे, गरीब तोंड करून उभा राहिलाय बघा. भाव पाडा, अहो, लाजू नका. मी कसला लाजतोय! मी घराकडे नजर टाकली. दारापुढे कोलमची रांगोळी नाही, ओसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. म्हणालो, "ह्याची बायको गेलेली दिसते. विकायची घाई असणार. देईल म्हणू त्या भावाला."

हे मी म्हणालो. माझ्या ह्याच तोंडानं.

मी सांगितलेला भाव त्यांनी एका शब्दात मान्य केला. कागदांवर सह्या झाल्या. बायको मागे बसली, म्हणजे सीटवर पाय आडवे पसरता येतील. तिनं डावं दार ओढलं, ते लागेना. पुन्हा ओढलं. तेव्हा म्हातारे खिडकीशी वाकून म्हणाले, मराठीत, आमच्याच मराठीत, माझ्या आजोबांच्या तोंडची असावी अशी जुनी:

"बाई, तें दार जरा वर उचलून लावा. मग लागतं."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. खाली उतरलो, हात जोडले, काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी माझे हात खाली केले.

"असूं द्या. घरांत ही भाषा ऐकून दोन वर्षं झालीं. मधें बोललों असतों तर तुम्ही गप्प झाला असता."

कालव्याच्या पुलावर बायको खुदकन हसली, मग हसतच सुटली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा, मी पुरणपोळ्या करते. मी म्हणालो, बोलावू की.

गाडी मात्र सोन्यासारखी निघाली. सेकंडहँड गाडी म्हणजे रोज नवं दुखणं, असं सगळ्यांनी भिववलं होतं. आमच्या गाडीनं दहा वर्षांत क्लचप्लेट मागितली, बॅटऱ्या मागितल्या, टायर मागितले. रस्त्यात म्हणून कधी सोडलं नाही. ऐन पावसात किल्ली फिरवली की पहिल्या झटक्याला सुरू. मेकॅनिक म्हणायचा, पहिल्या मालकानं हिला जपलंय. मागचं दार तेवढं तसंच राहिलं. बिजागरी बदलून देतो म्हणाला तर बायको नको म्हणाली. दर वेळी ती दार वर उचलायची, लावायची, आणि माझ्याकडे बघून हसायची.

दोन-तीन महिन्यांनी म्हाताऱ्यांचा फोन यायचा. "गाडी बरी आहे ना?" मला आधी संशय आला. विकलेल्या गाडीची चौकशी कोण करतं? काहीतरी लपवलं असणार, नाहीतर काहीतरी मागायचं असणार. मी "बरी आहे" म्हणायचो. ते विचारायचे, एसी गार होतो का, चढावर ओढते का. मी कचेरीच्या खिडकीतून उत्तरं द्यावीत तशी उत्तरं द्यायचो आणि फोन ठेवायचो. आतून बायको विचारायची, "कोण? ओरत्तनाडूचे? बोलावलंत का?" मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. पोंगल जायचा, नवरात्र जायचं, पुढचा महिना काही यायचा नाही. ओरत्तनाडू काही काशी नव्हे, तासाभराच्या आतली वाट. मला कंटाळा होता, दुसरं काही नाही.

बायकोला इस्पितळात नेलं त्या सकाळीही गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. चार दिवसांनी त्याच गाडीत मी एकटाच बसून परत आलो. नवव्या दिवशी म्हाताऱ्यांचा फोन आला. नंबर बघितला आणि फोन उपडा ठेवला. "गाडी बरी आहे" एवढं म्हणायचंही त्राण नव्हतं. मग त्यांचा फोन आलाच नाही. काही महिन्यांनी मीच केला, तर त्यांच्या भाच्यानं उचलला आणि तमिळमध्ये सांगितलं, मामा गेले, महिना झाला.

मुलगी बेंगळूरला असते. मराठी सगळी समजते तिला, पण उत्तर तमिळमध्ये येतं. तिचा दोष नाही, आम्हीच तिच्याशी तसं बोललो. मराठी आम्ही आमच्या गुपितांसाठी राखून ठेवली होती. आता गुपितं सांगायला कुणी नाही. मी गाडीत बसून बोलायला लागलो. काचा वर करायच्या, आरशातून मागच्या डाव्या सीटकडे बघायचं आणि बोलायचं. आज रसम बिघडलं. शेजारचे बदलून गेले. वेड लागलं म्हणा हवं तर.

मग गाडीच बिघडायला लागली. एकदा भातशेतांच्या मधोमध रेडिएटरचा पाइप फुटला आणि मी भर उन्हात दोन तास उभा होतो. एकदा स्टार्टर गेला. मेकॅनिक म्हणाला, सुटे भाग मिळत नाहीत, आता हिचा भरवसा धरू नका. मुलगी फोनवर रडली. विका म्हणाली. तिच्यासाठी हो म्हणालो.

गाडी बघायला गावातलंच एक जोडपं आलं, आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पण घरात सौराष्ट्री बोलणारं. मी त्यांना तमिळमध्ये सगळी दुखणी सांगून टाकली, लपवायचं काय? नवरा इंजिन बघत होता. बायको गाडीला फेरी घालत होती आणि त्याला त्यांच्या भाषेत काहीबाही सांगत होती, चेहऱ्यावर हसू ठेवून. ती भाषा कानाला आपल्यासारखी लागते, पण हाताला काही लागत नाही. मग तिनं माझ्या घराकडे बघितलं. कोलम नसलेलं दार, ओसरीवरची वर्तमानपत्रं. हळूच काहीतरी म्हणाली आणि नवऱ्यानं मान डोलावली. एक शब्द कळला नाही मला, आणि सगळं कळलं.

त्यांनी सांगितलेला भाव मी एका शब्दात मान्य केला. ती मागे बसली. दार लागेना तेव्हा मी खिडकीशी वाकलो आणि जरा वर उचलून लावायला सांगितलं.

तीन आठवडे कसेबसे काढले. काल संध्याकाळी त्या माणसाला फोन केला आणि विचारलं, गाडी बरी आहे ना. बरी आहे, सार, म्हणाला. एसी गार होतो का, विचारलं. होतो. मग त्यानं विचारलं, काही काम होतं का? नाही म्हणालो. तो फोन ठेवणार तेवढ्यात मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. त्यांच्या भाषेत ती त्याला काहीतरी विचारत होती. बोलावलंत का, हेच विचारत असेल, असं मी धरून चाललोय.