एका खांबाचे दोन नमुने

शेवटचं भेटलो तेव्हा सदा माझ्याकडं खाटेवर बसून विचारत होता, “आक्का, त्या खांबात माझं चुकलं कुठं गं?” म्हटलं, “आता कशाला ते, चहा घे.” आठवड्यानं त्याच्या घरून, पिंपळीहून निरोप आला, सदा गेला. धाकटा भाऊ माझा... महिना झाला, अजून चहा करताना कप जास्तीचा निघतो.

सदा गवंडी. बारामतीकडं बंगले उठू लागले, तसे लोक नक्षीदार खांब मागू लागले. इंदापुरातल्या ओळखीच्या ड्रॉइंगच्या गुरुजींनी त्याला जुन्या पुस्तकातलं एक पान झेरॉक्स करून दिलं. शेकडो वर्षांमागं इटलीत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, खांबाच्या माथ्याचं. डावीकडं कातरलेली पानं, उजवीकडं नुसत्या वेलीच्या गुंडाळ्या. सदानं महिनाभर खपून दोन साचे केले, एक डाव्या अर्ध्याचा, एक उजव्याचा. दोन्ही अर्धे ओतून खांबाला जोडायचे. एक रेघ म्हणून सोडली नाही. “बघ आक्का, काय डोकं चालवलंय! दोनी बाजू येगळ्या.” मीही मान डोलावली, मला तरी काय कळत होतं!

कन्हेरीच्या एका बंगल्याला असे चार खांब उभे राहिले. वास्तुशांतीला मालकांचा पुण्याचा जावई वर बघून हसत सुटला. “मिस्त्री, अर्धी दाढी करून उठलात की काय?” सगळा मांडव हसला. मालक म्हणाले, “काढून टाक.” सदानं स्वतःच्या हातानं चारी माथे फोडले. पुन्हा नक्षीला हात लावला नाही. विटा, गिलावा, बस्स...

सदाच्या दहाव्याला ते ड्रॉइंगचे गुरुजी आले. सदाचा प्रश्न मी त्यांनाच विचारला. ते म्हणाले, “अहो, ते लोक एकाच चित्रात दोन नमुने दाखवायचे. अर्धा हा, अर्धा तो. आवडेल तो घ्यायचा. एकच साचा दोनदा ओतला असता तरी झालं असतं.”

“मग सांगितलं का न्हाय?”

“वाटलं, त्याला कळेल...”

इतकंच होतं बघा. आता कुणाला सांगू?

माझ्या ओसरीला दोन साधे खांब आहेत. बांधताना सदानं वरची वीतभर जागा गिलाव्याविना सोडली, म्हणाला, “तुझ्या खांबांना मी पानं लावणार.” कन्हेरीनंतर त्यानं तो विषय काढला नाही, मीही नाही. परवा रंगारी आला. लेक म्हणाला, “आई, भरून घेऊ ती जागा.” मी म्हटलं, थांब. रंगाऱ्याला सांगितलं, तेवढी जागा सोडून बाकी रंगव.