इंग्लंड, उमेळे आणि मधला पाट

ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं याचं दुःख खुद्द लंडनमध्ये किती जणांना झालं मला माहीत नाही. पण ज्या माणसाला ते जगात सगळ्यांत जास्त झालं तो वसईजवळ उमेळ्यात राहतो, केळींना पाणी देतो आणि माझ्या आईचा थोरला मामा आहे. आई त्यांना थोरले मामा म्हणते म्हणून मीही थोरले मामाच म्हणते. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. नाशिकच्या पुढे ते कधी गेलेले नाहीत, आणि नाशिकही त्यांना आवडलं नव्हतं. पण तीस वर्षं त्यांनी वसईत पोस्टमन म्हणून घरोघरी पत्रं वाटली. कुणाचा मुलगा आखातात, कुणाची मुलगी इंग्लंडात, हे त्या त्या घराच्या आधी त्यांना तिकिटावरून कळायचं. त्यामुळे जगातल्या सगळ्या देशांशी आपली ओळख आहे, फक्त भेट झालेली नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

देशांबद्दल बोलताना ते नात्यांच्या भाषेत बोलत. युरोप म्हणजे एकत्र कुटुंब. "जर्मनी थोरली जाऊ. चूल तिच्या ताब्यात. फ्रान्स मधली, कामापेक्षा नटन्यात जास्त. आनि इंग्लंड म्हनजे घरजावई. जेवतो यांच्यात, पन पंगतीत बसत नाय, खुर्ची लागते." हे ते उमेळ्याच्या नाक्यावर, चहाच्या टपरीच्या बाकावर बसून, पेपर दोन्ही हातांत ताणून धरत सांगत. चहावाल्याने एकदा विचारलं, "मग भाऊ, जावई गेला तर बरंच ना? एक ताट कमी." थोरल्या मामांनी पेपर खाली घेतला. "ताट कमी होतं रे," ते म्हणाले, "पन मग दुसरं पन उठतं."

हे ते ब्रिटनबद्दल बोलत होते असं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं. ज्या महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वमत झालं त्याच महिन्यात त्यांच्या धाकट्या भावाच्या दोन्ही मुलांनी विरारला फ्लॅट बुक केला होता. दोघे भाऊ एकाच घरात, मधल्या भिंतीच्या अल्याड-पल्याड, आयुष्यभर राहिलेले. वाडी एक, विहीर एक, पंप एक. धाकटे मामा स्वतः जाणार की नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांचंच ठरलेलं नव्हतं. थोरल्या मामांनीही त्यांना विचारलं नाही. त्यांनी त्याऐवजी साऱ्या गावाला इंग्लंडबद्दल विचारायला सुरुवात केली.

एक शंभर पानी वही घेऊन ते दारोदार जात, जुन्या सवयीने सायकलवरून, खाकी शर्ट घालून. कोळणीला त्यांनी मासळीची पाटी खाली ठेवायच्या आत विचारलं, इंग्लंडने युरोपात राहावं की बाहेर पडावं? तिने उलट विचारलं, "तिथं नळाला पानी येतं का?" येतं, म्हणाले. "रोज?" रोज. "मग बाहेर कशाला मरायला पडतात?" हे उत्तर त्यांनी वहीत 'राहण्याच्या बाजूने' या रकान्यात लिहिलं. चर्चजवळ राहणाऱ्या मावशींची मुलगी इंग्लंडात नर्स आहे. त्यांचं मत सगळ्यांत वजनदार असणार म्हणून थोरले मामा तिथे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मावशी म्हणाल्या, "माझी पोरगी तिथं म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भाऊ. ते आत राहू देत नाहीतर बाहेर, आंघोळ तर लागनारच ना?" हे कोणत्या रकान्यात घालायचं यावर मामांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी 'आंघोळ' असा तिसरा रकाना आखला. नव्या इमारतीतले एक साहेब, मूळचे रत्नागिरीकडचे, बँकेत नोकरीला, म्हणाले, "काका, आम्ही या सोसायटीतूनच बाहेर पडायचा विचार करतोय." त्यांच्याशी मामा पुढे वर्षभर बोलले नाहीत.

मग त्यांनी मतदान घेतलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, राहण्यासाठी चिंचोका, बाहेर पडण्यासाठी वालाचा दाणा. मतदान केलं अकरा जणांनी, चिंचोके निघाले सतरा. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि अशा बाबतीत मला दयामाया नव्हती. "मामा, हा गैरप्रकार आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "काही लोक भावनेच्या भरात दोन-दोन टाकतात." भावनेच्या भरात आलेला एकच माणूस तिथे होता आणि त्याच्या खिशात अजून चिंचोके वाजत होते.

हा निकाल त्यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांना कळवला. इंग्रजी पत्र मी टाइप करायचं, तिकीट त्यांनी लावायचं. तिकीट दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. पण पत्र पोचेपर्यंत पंतप्रधान बदललेले असत. पुढच्या काही वर्षांत असं इतक्या वेळा झालं की त्यांनी वरचं नाव लिहायचं सोडून दिलं आणि 'जो कोणी असेल त्यांस' असा मायना सुरू केला. एका पंतप्रधानांच्या कारकिर्दीत तर आमचा कच्चा मसुदाही पुरा झाला नाही. मामांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. "घर फुटायला लागलं की कर्ता पुरुष टिकत नाय," ते म्हणाले.

इथे मला माझा भाग सांगितला पाहिजे. आमच्या घरात पत्रकं होती. वडील पत्रकं काढायचे, पाण्यासाठी, रस्त्यासाठी, मिठागरातल्या मजुरांसाठी. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. अन्याय झाला की पत्रक काढायचं, हे मला ताप आला की डॉक्टरकडे जायचं इतकं सरळ वाटायचं. सार्वमताला दोन वर्षं होत आली तेव्हा थोरले मामा एका दुपारी आमच्याकडे आले आणि पहिल्यांदाच इंग्लंड सोडून बोलले. "धाकटा जातो की काय, असं वाटतंय," ते म्हणाले. "मी काय बोलू? मला बोलता येत नाय. तू लिही."

मी लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. 'वाडी एक, विहीर एक, चूल एक' असं शीर्षक, खाली तीन परिच्छेद, शेवटी उद्गारचिन्ह. फ्लॅटच्या मोहाला बळी पडणाऱ्या पिढीवर मी एक वाक्य लिहिलं होतं, ते वडिलांनाही आवडलं. नाव कुणाचंच नव्हतं. पण उमेळ्यात अशी वाडी कुणाची हे सांगायला नाव लागत नाही. तुळिंजच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गुलाबी कागदावर दोनशे प्रती काढल्या. थोरल्या मामांनी त्या सायकलवरून वाटल्या, दर घरी एक, तीस वर्षांच्या शिस्तीने. घरांच्या ओळीत स्वतःचं घर आलं तेव्हा त्यांनी तिथेही थांबून घंटी वाजवली आणि एक प्रत भावाच्या दारात टाकली.

धाकटे मामा संध्याकाळी तो गुलाबी कागद हातात घेऊन ओट्यावर आले. मी तिथेच होते.

"भाऊ," ते म्हणाले, "हे मला सांगायचं व्हतं तर घरात सांगायचं. मी भिंतीपलीकडं झोपतो."

"लोकशाही हाय," थोरले मामा म्हणाले. "लोकांपुढं मांडावं लागतं."

"बाजारात कोळणीनं मला वाचून दाखवायला लावलं. मोठ्यानं."

"मग? काय म्हनाली?"

"म्हनाली, शुद्धलेखन चांगलं हाय." मग ते माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाय, माझं अजून ठरलं नव्हतं गं. पोरं एकीकडं ओढत व्हती, मी टाळत व्हतो. आता राहिलो तर लोक म्हनतील, कागदाला घाबरला." कागदाची नीट चौकोनी घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. "आता ठरलं."

सार्वमत घेऊन लोकांना विचारायचं आणि लोकांनी उत्तर दिलं की त्यांच्यावर रागवायचं, ही पद्धत मला तेव्हा पटत नव्हती आणि आजही पटत नाही. पण ज्याला विचारायचं तो भिंतीपलीकडे असताना साऱ्या गावाला विचारत हिंडायचं, या पद्धतीबद्दल मी तोवर काही मत बनवलेलं नव्हतं.

धाकट्यांच्या बाहेर पडण्याच्या तारखा मात्र ब्रिटनच्या वाटाघाटींसारख्याच पुढे जात राहिल्या. आधी गणपती होऊ दे, मग सुनेचं बाळंतपण होऊ दे, मग तिकडची लिफ्ट चालू होऊ दे. प्रत्येक मुदतवाढीला थोरले मामा नाक्यावर म्हणत, "तिथं पन तसंच चाललंय. बाहेर पडनं सोपं नसतं." आणि मग आयर्लंडवर येत. आयर्लंडने त्यांना त्या वर्षी अतोनात आनंद दिला. "एवढे शिकलेले लोक! मतं मोजली, भाषनं केली, आनि हद्द कुठून जाते ते कुनी बघितलंच नाय! अर्धं आयर्लंड आत, अर्धं बाहेर, मधून रोजची ये-जा. आता करा!" आणि मांडीवर थाप मारून हसत.

त्याच आठवड्यात वाटणीसाठी वाडीची मोजणी झाली. वाडी लांबट आहे. पुढे घर आणि विहीर, मध्ये माड, मागे केळी. झाड न् झाड मोजून, आंबा एकाला तर फणस दुसऱ्याला असं करत, कुणावर अन्याय नको म्हणून दोघेही समोरच्याच्या बाजूने भांडले. थोरल्यांना पुढचा आणि मागचा तुकडा आला, धाकट्यांना मधला. विहीर थोरल्यांकडे, हे धाकट्यांनीच सुचवलं. दोघांनी सह्या केल्या, मोजणीवाल्याला शहाळं पाजलं. संक्रांतीनंतर टेम्पो आला आणि धाकटे मामा ब्रिटनच्या वर्षभर आधी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी थोरल्या मामांनी केळींसाठी पंप चालू केला, फावडं घेतलं आणि पाटाच्या कडेने निघाले. मधला तुकडा सुरू होतो त्या दगडी खुणेपाशी ते उभे राहिले. विहिरीपासून केळींपर्यंत जाणारा पाट माडांच्या मधून जात होता. माड धाकट्यांचे होते. कागदावर आंबे होते, फणस होते, एक वठलेली चिंचसुद्धा होती. पाट नव्हता. पन्नास वर्षं रोज त्यातून पाणी नेणाऱ्या दोघांपैकी एकालाही तो आठवला नव्हता.

त्यांनी पंप बंद केला. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं पोस्टातलं तत्त्व होतं. फाटकाबाहेरून हाक मारायची. पण हाक विरारपर्यंत जात नाही आणि फोन करायला मान खाली घालावी लागते. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस दोन बादल्या सायकलला अडकवून गावच्या रस्त्याने वळसा घालून केळींना पाणी नेऊ लागला. अर्धं पाणी रस्त्याला मिळायचं. नाक्यावर कुणी हसलं नाही. चहावाल्याने फक्त एकदा विचारलं, "भाऊ, आयर्लंडचं काय झालं?" मामा म्हणाले, "चर्चा चालू हाय."

मी विरारला गेले. ते पत्रक मी लिहिलं होतं. निरोपही मीच न्यायला हवा होता. धाकटे मामा सातव्या मजल्यावर खिडकीत बसले होते. मी सायकलचं आणि बादल्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "डोकं लागत नाय त्याला. वळसा घालायचा तर तळ्याच्या बाजूनं घालायचा, जवळ पडतं." पुढच्या रविवारी सकाळी ते बसने आले, थेट माडांत शिरले, पाटाच्या तोंडाशी थोरल्यांनी लावलेली माती टाचेने फोडली आणि ओरडले, "सोड पानी! येता येता माझे माड पन पितील."

लेखी परवानगी द्या, म्हणजे रोज पाणी नेता येईल, असं मी दोघांनाही सुचवलं. धाकटे मामा म्हणाले, "कागद नको, बाय. कागदानं काय होतं ते बघितलं. मीच येत जाईन." तेव्हापासून ते दर रविवारी येतात. टाळेबंदीत येता आलं नाही. तेव्हा ते फोनवर रोज ओरडायचे, "पाऊल टाक, मी सांगतो ना!" आणि थोरले मामा म्हणायचे, "फोनवरचं धरत नाय." त्या वर्षी निम्मी केळी वाळली. खूण ओलांडली गेली नाही.

टाळेबंदीच्या थोडं आधी, ब्रिटन खरोखर बाहेर पडलं त्या पहाटे मामा उठून बसले होते. नंतर त्यांनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं, त्यांच्या पत्रांतलं सगळ्यांत लहान. 'जो कोणी असेल त्यांस. बाहेर पडलात ते पडलात. पण मधला पाट तेवढा मोकळा ठेवा.' उत्तर आलेलं नाही. वहीतल्या मावशींच्या 'आंघोळ' या रकान्यात, जिथे आत काय नि बाहेर काय सारखंच, अलीकडे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आहे.

मधल्या तुकड्यासाठी एक बिल्डर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा येईल. धाकट्यांची मुलं काय म्हणतील ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी विचारत नाही. रविवारी पाणी केळींपर्यंत पोचायला पूर्वी पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ दोघे भाऊ दगडी खुणेच्या दोन बाजूंना उकिडवे बसतात. हल्ली दीड तास लागतो. परवा मी पंपाशी जाऊन बघितलं, तर व्हॉल्व्ह अर्धाच उघडलेला होता. मी थोरल्या मामांकडे पाहिलं. ते माडांच्या शेंड्यांकडे पाहत होते. धाकट्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं नाही. त्या पाटातून त्यांनी पन्नास वर्षं पाणी नेलेलं आहे.