साहेब आपलेच आहेत

रविवार, इथला कामाचा वार, ऑगस्टमधली सकाळ. आपल्या सरकारची कुवेतमधली कचेरी. हजर: मी, इथल्या एका इस्पितळात वॉर्डची इनचार्ज नर्स. माझी भावजय मंदा, खैतानात एका घरी स्वयंपाक करते. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, बँकेत नोकरी. गैरहजर: माझा धाकटा भाऊ. तो पोलिसांच्या कोठडीत.

आतल्या खोलीतल्या साहेबांनी सेक्रेटरींना खुर्ची दिली. चहा मागवला. मग मला विचारलं, "आडनाव?" सांगितलं. "मूळ गाव?" तेही सांगितलं. "हं," म्हणाले. आम्ही दोघी उभ्याच.

खरं तर आमचा नंबर आधीच आला होता. बाहेरच्या खिडकीवर एक मल्याळी बाई बोलावत होती. आम्हीच मागच्यांना पुढे सोडलं. सेक्रेटरी म्हणाले होते, "थांबा. आतले साहेब आपलेच आहेत. मराठी."

मी मुद्दे सांगितले. भाऊ घरकामाच्या व्हिसावर आला. ज्याच्या नावावर व्हिसा, त्या कफीलने त्याला वफ्र्याला मित्राच्या शेतावर पाठवलं. धाड पडली. शेतावरचा परवाना नाही म्हणून भावाला उचललं. कफील घरी. भावाला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. पोलिस आम्हाला भेटू देत नाहीत, आम्ही नेलेलं औषध घेत नाहीत. कचेरीचा माणूस गेला तर भेटू देतील. काम एवढंच.

साहेब सेक्रेटरींकडे बघून बोलले. "कायदा मोडताना हे देशाला विचारत नाहीत. जेलमध्ये एसी असतो म्हणे. वफ्र्याच्या उन्हापेक्षा बरंच की."

सेक्रेटरी हसले. कपातला चहा बशीत सांडला, तरी हसतच होते.

मग मंदापुढे कोरा कागद आला. "लिही. नवऱ्याची चूक झाली, दया करा. मग बघू." आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या लोकांना इथंही सवलतच लागते."

मंदाने पेन उचललं. "ताई, देते लिहून. सुई तरी मिळंल त्यांना."

माझेही हात जुळायला निघाले होते. लहानपणापासूनची सवय. मी ते आवरले. मंदाच्या बोटांतून पेन काढून टेबलावर ठेवलं.

"सवलत नको," मी म्हणाले. "त्याचा पासपोर्ट भारताचा आहे. त्याला भेटायला माणूस पाठवणं तुमचं काम आहे. पाठवणार नसाल तर तसं लेखी द्या."

"बाई, आवाज कमी," सेक्रेटरी पुटपुटले. "आपल्यालाही इथं कामं पडतात."

"तुम्ही चहा घ्या."

शिपायाने दार उघडून धरलं.

बाहेर मंदा माझ्यावर तुटून पडली. "तुमचा ताठा त्यांच्या जिवावर बेतंल." मी पुन्हा नंबर घेतला, खिडकीवर अर्ज दिला. मल्याळी बाईने शिक्का मारला. मान वर न करता म्हणाली, "सही अंदरवाले साहब की लगेगी."

उद्या माझी ड्यूटी दुपारची. सकाळी मी खिडकीवर असेन, परवाही. अर्जात दया हा शब्द नाही. घालणार नाही.

भावाला भेटायला अजून कोणी गेलेलं नाही.