कानाला लागलेला हात

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर कुणालाही जन्मतारीख विचारा, एक जूनच सांगेल. त्या एका दिवशी गंगी दाईची काय धांदल उडाली असेल, देव जाणे! खरी गोष्ट अशी, की बाळंतपणं तिनं केली आणि तारखा काढल्या विठ्ठल गुरुजींनी. शाळेत नाव घालायचं तर पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं.

पुंजाचा सुकऱ्या चार वर्षांचा असताना थोरल्या बहिणीच्या, गोदीताईच्या मागं मागं शाळेत गेला. हात असे लांब, की न वाकता गुडघे खाजवेल. त्यानं कान तर धरलाच, वर गालही चाचपला. गुरुजींना पट भरायचाच होता. त्यांनी लिहून टाकलं, १ जून १९८८.

पुढं त्याच हातांनी त्याचं नशीब काढलं. जव्हारच्या स्पर्धेत गोलात उभं राहून त्यानं असे काही चेंडू अडवले, की शहरातल्या फुटबॉल अकादमीचे सर्वेश सर त्याला चौदा वर्षांखालच्या संघासाठी घेऊनच गेले. "दाखला मागाहून आणा," म्हणाले.

तिथं तो वर्षभर राहिला. पहिले पंधरा दिवस बुटांनी टाचा सोलल्या. सकाळी दोनशे झेपा उजवीकडं, दोनशे डावीकडं, कोपरं फुटली. पोरं "ए शिडी!" म्हणून हाका मारायची. पण एक दिवस त्याला कळलं, की समोरच्याच्या पायातून चेंडू सुटायच्या आधीच आपल्याला त्याची वाट दिसते. मग ती जाळी सोडून त्याला दुसरं काही नको झालं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात स्पर्धेचे फॉर्म भरताना दाखला आला.

"सुकऱ्या, तू पंधरा वर्षांचा?"

"मी नाय सर, कागद हाय."

सर हसले, आणि त्यांनी दाखल्यावरची तारीख पुन्हा वाचली. "महिनाअखेर तारीख दुरुस्त करून आण. नाहीतर तुझी खाट दुसऱ्याला द्यावी लागेल, बाळा."

पुंजा पोराला आणि गंगी दाईला घेऊन गुरुजींच्या अंगणात गेला.

"नागली कापत होतो तवा जन्मला," गंगी म्हणाली. "सुकरवार होता, म्हणून तर सुकऱ्या."

"साल कोणतं?"

"पूल वाहून गेला, त्याच्या पुढचं."

गुरुजी चष्मा पुसत राहिले. "बाय, रजिस्टरात खाडाखोड केली तर माझी नोकरी जाईल. पंचायतीतली जन्माची नोंद आणा, मी कागद वर पाठवतो."

नोंद कुठली असणार? चुलीशेजारी झालेलं बाळंतपण सांगायला पंचायतीत गेलंय कोण! गंगी अंगठा द्यायला तयार होती, पण अंगठ्याला साल ठाऊक नव्हतं.

"तुमची तारीख कोणची हो, गुरुजी?" पुंजानं चिडून विचारलं.

गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले, "एक जून."

महिना संपला. खाट गेली. सुकऱ्या बूट खुंटीला टांगून बापाबरोबर शेतात राबू लागला.

शाळा उघडली तेव्हा धाकट्या फागीचं नाव घालायला तोच गेला. पोरगी जेमतेम साडेचारची, पण हात थेट दादावर गेलेले.

"धर बाय कान," गुरुजी म्हणाले.

"फागे, हात खाली घे!" सुकऱ्या दारातून झेपावला.

उशीर झाला होता. कान घट्ट धरून फागी दादाकडं बघत ऐटीत हसत होती, आणि गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं होतं.