साहेब मीटिंगमध्ये आहेत

कुवेतमधल्या अबू हलीफातली ती दुपार अजून डोक्यातून जात नाही.

आखातात नोकरी लावतो म्हणून रत्नागिरीकडच्या काही सुतार-गवंडी पोरांचे पासपोर्ट घेऊन एक एजंट कुवेतला पसार झाला होता. पोरं त्याच्या ‘कुवेत ऑफिस’ला फोन करत. एक मराठी बाई गोड आवाजात सांगायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत. एक फिर्यादी म्हणाला, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. ठाण्यात सगळे हसले. मी ते जबाबात घ्यायला लावलं. ऑफिसात कोण कुकर लावतं?

साध्या वेशात एजंटच्या गावी गेलो. मी कुवेतला निघालोय एवढं कळताच त्याच्या आईने सुकटीचं आणि कुळथाच्या पिठाचं पार्सल हातात कोंबलं. आखातात जाणाऱ्याला कोकणातली माणसं रिकाम्या बॅगेने सोडत नाहीत. मी ते बॅगेत टाकलं.

कुवेतला पोचून तिथल्या पोलिसांबरोबर फोनच्या पत्त्यावर धडकलो, तर ते राहतं घर निघालं. बाईंनी घरातच ‘व्हर्च्युअल ऑफिस’ थाटलं होतं. स्वयंपाकघराशेजारी टेबल, फोन, फॅक्स. ज्यांना जागा परवडत नाही त्यांचे फोन त्यांच्या कंपनीच्या नावाने घ्यायचे, टपाल सांभाळायचं. एजंट त्यांतलंच एक गिऱ्हाईक. त्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, टपाल न्यायला टॅक्सीवाला यायचा.

तिथला अधिकारी त्यांना साथीदार समजून न्यायलाच निघाला. बाई नवऱ्याच्या व्हिसावर. गुन्हा लागला असता तर अख्खं घर देशाबाहेर गेलं असतं. मीही भडकलो होतो. म्हटलं, तुमच्या त्या एका वाक्याने पोरं फसली.

“गिऱ्हाईक सांगतं तेच मी बोलते, साहेब. आत काय शिजतंय ते मला कुठून कळणार?”

त्या नजर चुकवत नव्हत्या. मी अधिकाऱ्याकडे थोडा वेळ मागितला. बाईंना स्पीकरवर एजंटला फोन लावून एवढंच सांगायला लावलं: गावाहून पाहुणा आलाय, आईचं पार्सल तुमच्याच हातात देणार म्हणतो.

पासपोर्ट मागितले असते तर तो बिळाबाहेर आला नसता. पार्सलसाठी स्वतः आला. आत पाऊल टाकताच विचारलं, “सुकट दिलीय ना आईने?” दाराआडच्या पोलिसांनी त्याला तिथेच धरलं. पासपोर्ट फरवानिया भागातल्या त्याच्या खोलीवर आहेत, हे त्याने लगेच कबूल केलं. बाईंचा संबंध नाही, हेही.

बेड्या पडतात तोच फोन वाजला. आईकडेही हाच नंबर होता. स्पीकर चालूच.

“गो बाय, माज्या पोराला पारसल पोचला काय? जरा दे बगू त्याला.”

एजंटने मान खाली घातली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“पोचलं हो आई, आत्ताच,” त्या म्हणाल्या. “साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

पासपोर्ट मिळाले, बाईंचं घर वाचलं. खोटं बोलणाऱ्यांची मला आयुष्यभर चीड आली. पण जबाब घेण्याइतकंच एखादं वाक्य सोडून देणंही पोलिसाला जमावं लागतं, हे मी त्या घरात शिकलो. ते वाक्य माझ्या अहवालात नाही.